एचपीव्ही १६ पॉझिटिव्ह आला, आता पिशवी काढायची का?

प्रश्न : माझं वय ३८. तपासणीत एचपीव्ही १६ (गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर करू शकणाऱ्या विषाणूचा एक प्रकार) पॉझिटिव्ह आला, पॅप (तिथल्या पेशींची तपासणी) मात्र नॉर्मल आहे. जाऊबाई म्हणतात, पिशवी काढून मोकळी हो. नवऱ्याबद्दलही मनात संशय येतो. मुलगी १२ वर्षांची आहे, तिला लस द्यावी का?

उत्तर : पिशवी काढायची घाई करू नका, हे सगळ्यात आधी. गर्भाशयाच्या तोंडावर विषाणू सापडला, म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. बहुतेकींच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप जातो. जिथे ठाण मांडतो तिथेही कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. पण या कॅन्सरचे सुमारे ७० टक्के रुग्ण १६ आणि १८ या दोनच प्रकारांमुळे होतात. म्हणून पॅप नॉर्मल असला तरी तुमची कॉल्पोस्कोपी व्हायलाच हवी.

त्यात डॉक्टर पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावतात, मिनिटभर थांबतात आणि भिंगातून बघतात. बिघडलेला भाग पांढरा पडतो. तिथला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा बायोप्सीला जातो. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. पाळीचे दिवस टाळा. आधीचे दोन दिवस संबंध नको, योनीत ठेवायच्या गोळ्याही नकोत. बायोप्सीनंतर एक-दोन दिवस थोडं रक्त दिसेल. सीआयएन २ किंवा ३, म्हणजे कॅन्सरच्या आधीचे पेशींमधले बदल, आले तर विजेच्या बारीक तारेने सहसा तेवढाच भाग काढतात, पिशवी शाबूत राहते. काहीच सापडलं नाही, तर वर्षाने पुन्हा एचपीव्ही तपासणी; ती मात्र चुकवू नका. न तपासता पिशवी काढली आणि आत कॅन्सर निघाला, तर ते ऑपरेशन अपुरं पडतं आणि पुढचे उपचार अवघड होऊन बसतात.

यजमानांवर संशय घेऊ नका. हा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप राहतो, लग्नाआधीचाही असू शकतो. कधी आला, कुणाकडून आला, हे रिपोर्ट सांगत नाही. निरोधने धोका कमी होतो, पण कातडीच्या स्पर्शानेही संसर्ग होत असल्याने पुरता टळत नाही.

मुलीला लस जरूर द्या, हेच योग्य वय. ९ ते १४ वर्षांत सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात. पंधरा वर्षं पूर्ण झाली की तीन घ्यावे लागतात, पहिला, दोन महिन्यांनी दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांवर चालते. तुमच्या अंगातला विषाणू मात्र लशीने जाणार नाही, आणि लस घेतली तरी मुलीला तिशीनंतर तपासणी करावीच लागेल.