'इम्प्रोव्हाइज करणे' याला रोजच्या मराठीत काय म्हणायचं?

तुमचा प्रश्न असा की शब्दकोशात 'उत्स्फूर्तपणे करणे' सापडतं, पण तसं कुणी बोलत नाही. मग "भाषण विसरल्यावर त्याने इम्प्रोव्हाइज केलं" हे मराठीत कसं सांगायचं?

मी बरीच वर्षं हौशी नाटकांत काम करतोय, त्यामुळे या शब्दाशी रोजची गाठ. एका प्रयोगात मला खिशातून पत्र काढून वाचायचं होतं. हात घातला तर खिसा रिकामा, पत्र विंगेतच राहिलेलं. काही सुचेना. तेवढ्यात समोरची नटी म्हणाली, "राहू दे, आता वाचायला कशाला हवं? पाठच झालं असेल तुला." मग आठवेल तसा मजकूर बोलत गेलो, मध्ये दोन वाक्यं पदरची घातली. पडदा पडल्यावर दिग्दर्शक तिला म्हणाले, "छान निभावून नेलंस." आणि मला म्हणाले, "पदरचं घालायची सवय लावून घेऊ नकोस."

प्रसंग एकच, पण क्रियापदं दोन. मराठीत नुसतं काय केलं ते सांगून भागत नाही, ते बोलणाऱ्याला आवडलं की खटकलं हेही शब्दातच येतं. 'निभावून नेणे' म्हणजे कौतुक. 'पदरचं घालणे' किंवा 'मनचं घालणे' म्हणजे मूळ मजकुरात आपली भर, आणि त्यात बहुधा थोडी तक्रार असते. 'वेळ मारून नेणे' जपून वापरा, त्यात टाळाटाळीचा वास येतो. 'रचून सांगणे' तर दोन्हीकडे चालतं. मुलांना रोज नवी गोष्ट रचून सांगितली तर ती कला, उशिरा येण्याचं कारण रचून सांगितलं तर खोटेपणा. 'ठोकून देणे' म्हणजे सरळ थाप.

वस्तूंच्या बाबतीत 'भागवणे' आणि 'जुगाड करणे'. स्क्रू मिळाला नाही, तारेने बांधून भागवलं.

गाण्यात मात्र 'उपज' हा नेमका शब्द आहे. बंदिश ठरलेली असते, तिच्याभोवतीचे आलाप आणि ताना त्याच बैठकीत सुचत जातात. कोकणातल्या दशावतारात तर पूर्वापार लिहिलेले संवादच नसतात. कथानक ठरवून घेतात आणि बोलणं रंगमंचावर उभं राहून रचतात. ज्यांना हा शब्द खरोखर समजून घ्यायचा आहे त्यांनी एकदा तरी दशावतार बघावा.

माझा सगळ्यात लाडका शब्द राहिलाच: 'सुचणे'. 'इम्प्रोव्हाइज' लॅटिनमधल्या 'आधी न दिसलेलं' या अर्थाच्या शब्दावरून आलाय. ते पुढचं न दिसणं मराठीत 'आयत्या वेळी' किंवा 'ऐनवेळी' सांगतं, आणि उरलेलं काम 'सुचणे' करतं. त्यातही आपण म्हणतो 'मला सुचलं', 'मी सुचलो' नाही. विंगेत राहिलेल्या त्या पत्राच्या वेळी मला अगदी तसंच वाटलं होतं, वाक्यं मी केली नव्हती, ती आली होती.

तेव्हा तुमचं वाक्य मी असं लिहीन: "भाषण विसरला, पण आयत्या वेळी सुचेल ते बोलून त्याने निभावून नेलं." त्याचं बोलणं तुम्हाला पटलं नसेल, तर शेवटी "वेळ मारून नेली" करा.