उन्हाळ्यात प्यायला हजार रुपयांच्या आतली, तरतरी आणणारी पांढरी वाईन कोणती? नाशिकची गोडसर आणि मिळमिळीत असते असे ऐकले आहे, मग आयात केलेलीच घ्यावी का?

आपल्या प्रश्नातला पहिला भाग साधा आहे आणि त्याचे उत्तर एका ओळीत देता येते: नाशिकची किंवा अकलूजची, याच वर्षीच्या हंगामातली शेनिन ब्लाँ अथवा सोव्हिन्यों ब्लाँ (द्राक्षाच्या या जातींवरूनच वाईनला नाव पडते) घ्यावी, ती चांगली गार करावी आणि महिन्याभरात संपवावी. दुसरा भाग मात्र माझ्या जिव्हारी लागला. नेमके हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, २०१७ सालच्या मे महिन्यात अकोल्याला माझ्या सासरच्या अंगणात सात-आठ माणसांच्या देखत मी ऐकले होते आणि त्या वेळी मला त्याचे उत्तर देता आले नव्हते.

माझे माहेर नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातले. वडिलांनी, म्हणजे आमच्या नानांनी, २००६ साली दोन एकर थॉमसन, म्हणजे खाण्याची बिनबियांची द्राक्षे, काढून तेथे शेनिन ब्लाँ लावली. शेजारचे लोक हसले. मण्यात बिया, मणी बारीक, घड इतका गच्च की आतला एक मणी फुटला तर सगळा घड सडतो. बाजारात कोणी हातात धरणार नाही अशी द्राक्षे पैसे खर्चून लावणारा माणूस त्यांना खुळाच वाटला. एका वायनरीशी करार होता. पहिल्या हंगामाचे पैसे मिळाले. पुढे मंदी आली, वाईनची मागणी आटली आणि २००९ च्या काढणीनंतर त्या वायनरीने माल नेला, पण पैसे दिले नाहीत. २०१० मध्ये नानांनी ती बाग मुळासकट उपटून पुन्हा थॉमसन लावली. त्या काळात जिल्ह्यात असे करणारे ते एकटे नव्हते. मला आठवते ती फेब्रुवारीतली पहाटेची काढणी: ऊन चढायच्या आत क्रेट भरून गाडी रवाना झाली पाहिजे म्हणून चार वाजता बॅटरीच्या उजेडात घड कापायचे, आणि थंडीने बोटे इतकी वाकडी झालेली असायची की कात्री धरता येत नसे. ही थंडी मुद्दाम सांगते आहे, कारण आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यात आहे.

युरोपात द्राक्ष उन्हाळ्यात वाढते आणि शरद ऋतूत पिकते. आपल्याकडे हे चक्र छाटणीने फिरवलेले आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा ओसरताना फळासाठीची गोडी छाटणी, आणि फळ पिकते ते जानेवारी-फेब्रुवारीत. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा एक आकडी झाल्याची बातमी दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात येते, त्याच रात्री आमच्या भागातले घड वेलीवर असतात. गरम रात्रीत द्राक्षातले मॅलिक आम्ल झपाट्याने घटते, गार रात्रीत ते टिकते, आणि पांढरी वाईन जिभेवर तरतरी आणते ती या आम्लामुळेच. नाशिक परिसर समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर आहे, त्याचाही हातभार लागतो. सुला कंपनीने १९९७ मध्ये नाशिकला शेनिन आणि सोव्हिन्यों याच दोन जातींची लागवड केली आणि २००० साली पहिली वाईन बाजारात आणली. ‘उष्ण देशातली वाईन ती, आंबटपणा कुठून येणार?’ असे जे छातीठोकपणे सांगतात, त्यांनी जानेवारीत पहाटे एकदा दिंडोरीला येऊन क्रेट उचलून पाहावा.

आता अकोल्याचा प्रसंग. माझ्या नणंदेचे यजमान, ज्यांना मी भाऊजी म्हणते, सहा वर्षे फ्रँकफुर्टला नोकरीला होते. तेथून ते रिस्लिंग या जर्मन पांढऱ्या वाईनचे वेड आणि त्याबरोबर एक विशिष्ट प्रकारची भुवई घेऊन आले, जी बाटलीवर नाशिकचे नाव दिसताच वर जाते. चुलत दिराच्या लग्नाच्या निमित्ताने सगळे जमणार होते. मी माहेरी होते, म्हणून सहा बाटल्या शेनिन घेतल्या, पावती आणि परवाना जवळ ठेवला आणि बाटल्या गाडीच्या डिकीत आडव्या घातल्या. नाशिकहून धुळे, जळगाव, भुसावळ असा दिवसभराचा प्रवास. भुसावळच्या अलीकडे जेवणासाठी थांबलो. सावलीची जागा मिळाली नाही, म्हणून गाडी दोन तास उघड्या उन्हात उभी होती. बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश असताना बंद गाडीत किती होते हे तेव्हा मला ठाऊक नव्हते असे म्हणणे खोटे ठरेल. ठाऊक होते. द्राक्षाचा क्रेट मी अर्धा तास उन्हात ठेवू दिला नसता. बाटलीबद्दल मात्र मनात विचारही आला नाही, कारण बाटली ही मला तयार वस्तू वाटत होती, जणू लोणच्याची बरणी.

संध्याकाळी अंगणात पाणी मारून खुर्च्या मांडल्या, वाईन फ्रीजमध्ये तीन तास ठेवून गारही केली. पेल्यात ओतली तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. फिकट, किंचित हिरवट झाक असायला हवी तेथे जुन्या तुपासारखा पिवळा रंग आला होता. वासात पेरू नाही, अननस नाही. उकडलेले सफरचंद आणि त्यामागे करपलेल्या साखरेची छटा. भाऊजींनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, “वहिनी, राग मानू नका, पण नाशिकची अशीच असते. गोडसर आणि मिळमिळीत. मी म्हणून आयात केलेलीच घेतो.”

मी गप्प राहिले. नानांची उपटलेली बाग डोळ्यांसमोर होती, आणि वाईन खरोखरच वाईट होती, त्यामुळे भांडायला जागाही नव्हती.

पुढे या विषयाचा मी पिच्छा पुरवला. पांढऱ्या वाईनला उष्णतेपासून वाचवणारे फारसे काही नसते. तांबड्या वाईनमध्ये सालीतून आलेले टॅनिन असते, ते काही प्रमाणात ढाल होते. पांढरीत तेही नगण्य. फळाचा वास देणारे नाजूक घटक उष्णतेत मोडतात, वाईन टिकवण्यासाठी घातलेल्या सल्फाइटचा प्रभाव लवकर संपतो, ऑक्सिडेशन वेग घेते आणि रंग तपकिरीकडे झुकतो. जे तळघरात सावकाश झाले असते ते डिकीत एका दुपारी होते. नंतर गार केल्याने गेलेले परत येत नाही. याच कारणासाठी आयात केलेल्या स्वस्त बाटलीबद्दल माझा आक्षेप आहे. आयात वाईनवर बरीच वर्षे दीडशे टक्के सीमाशुल्क राहिले. ऑस्ट्रेलियाशी २०२२ मध्ये झालेल्या करारानंतर तेथल्या काही वाईनवर ते टप्प्याटप्प्याने उतरते आहे, पण एकूण चित्र असे की आपल्या दुकानात जी परदेशी बाटली हजार रुपयांच्या आसपास मिळते, ती तिकडे अगदी तळाच्या दराची असते. वर तिने जहाजातून प्रवास केलेला, गोदामात मुक्काम केलेला, आणि दुकानाच्या काचेच्या कपाटात निदान एक उन्हाळा काढलेला असण्याची शक्यता मोठी. तुम्ही पैसे शुल्काचे आणि प्रवासाचे देता, द्राक्षाचे फार थोडे.

म्हणून माझा पहिला सल्ला कोणत्या नावाचा नाहीच. बाटली उलटी फिरवा आणि मागच्या लेबलवर बाटलीबंद केल्याचा महिना पाहा. एप्रिल-मेमध्ये याच वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या द्राक्षांची पांढरी वाईन मिळू लागते. ती मिळाली नाही तर गेल्या हंगामातली चालेल. त्याहून जुनी, या किमतीतली, घेऊ नये. दुकानात उभी मांडलेली, उजेडाखाली चकाकणारी बाटली दुकानदार काढून देऊ लागला तर आतल्या थंड कपाटातली मागा. नाही म्हणाला तर दुकान बदला. मालाची उलाढाल जास्त असलेले गर्दीचे दुकान हे सुशोभित पण ओस दुकानापेक्षा केव्हाही बरे. स्क्रू कॅपला कमी लेखू नका. ताजी प्यायच्या वाईनला तेच झाकण योग्य आहे आणि बूच काढायचा स्क्रू आणणाऱ्या पाहुण्याची वाट पाहावी लागत नाही.

नावे हवीच असतील तर: सुलाची शेनिन किंचित गोडीकडे झुकलेली असते, आणि ‘गोडसर’ हा जो शिक्का सगळ्या नाशिकवर बसला आहे तो बहुधा हीच एक बाटली पिऊन बसवलेला आहे. गोडी नको असेल तर त्यांचीच सोव्हिन्यों ब्लाँ घ्या. तिला कापलेल्या गवताचा आणि हिरव्या मिरचीचा वास असतो. नाशिकच्याच यॉर्क वायनरीची शेनिन मला स्वतःला अधिक आवडते. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजकडची, फ्रातेल्ली वायनरीची सोव्हिन्यों हाही भरवशाचा पर्याय आहे. कोथिंबीर वडी, काकडीची कोशिंबीर, तळलेले बोंबील यांच्याबरोबर सोव्हिन्यों. बटाटेवडा, ठेचा, आंब्याची डाळ अशा झणझणीत किंवा कैरीच्या पदार्थांबरोबर शेनिन, कारण तिची थोडीशी गोडी तिखटाला सावरून घेते. आमरसाबरोबर यांतली कोणतीही पिऊ नये. आमरसापुढे चांगली कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, वाईनसुद्धा लिंबाच्या पाण्यासारखी लागते आणि दोन्हींचा विचका होतो.

गार करण्याबाबत पुस्तके आठ-दहा अंश सांगतात आणि फ्रीजमधून काढून दहा मिनिटे थांबा म्हणतात. विदर्भ-खानदेशात मे महिन्यात थांबू नका. पेल्यात ओतेपर्यंत ती आपोआप त्या अंशांवर येते. पेले लहान भरावेत, बाटली परत फ्रीजमध्ये ठेवावी. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर खडे मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा, पंधरा-वीस मिनिटांत काम होते. नुसत्या बर्फात ठेवलेली बाटली तितक्या लवकर गार होत नाही, कारण बर्फाचे खडे काचेला ठिकठिकाणीच टेकतात, पाणी सगळीकडून भिडते. पेल्यात बर्फ टाकणे मला पटत नाही. माझ्या सासूबाई टाकतात आणि मी काही बोलत नाही.

भाऊजींचा हिशेब मात्र मी २०१९ च्या एप्रिलमध्ये चुकता करायला निघाले. त्यांच्याच पुण्याच्या घरी तीन बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या: एक त्याच वर्षीची नाशिकची शेनिन, जी मी बर्फाच्या पेटीत घालून नेली होती, दुसरी त्यांच्याच नेहमीच्या दुकानातली, चार वर्षे जुनी परदेशी सोव्हिन्यों, आणि तिसरी तीच परदेशी सोव्हिन्यों, पण आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी आठवडाभर ठेवलेली. माझा बेत असा की त्यांनी तिसरीला नाशिकची म्हणावे. त्यांनी तसे म्हटले नाही. पहिल्याच घोटात त्यांनी नाशिकची अचूक ओळखली, तिसरीला ‘ही कोणी उकळली?’ असे विचारले, आणि नंतर सगळी संध्याकाळ पहिल्या बाटलीतूनच ओतून घेतली. ‘ओळखली, म्हणजे मीच जिंकलो’ असे ते आजही सांगतात. त्या बाटलीत शेवटी किती उरली होती हे मी सांगते. नणंद म्हणते की आम्ही दोघांनी हा विषय जेवणाच्या टेबलावर काढू नये.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. मी बागाईतदाराची मुलगी असल्याने माझे मत तटस्थ नाही. आपण महाराष्ट्राबाहेर असाल तर तेथल्या करांमुळे हजाराचा हिशेब बदलेल. आणि युरोपात राहत असाल तर वरचे निम्मे उत्तर विसरून जा, तेथे पोर्तुगालची विन्यो वेर्दे किंवा फ्रान्सची म्युस्काडे थोडक्या पैशांत मिळते आणि नाशिकची बाटली शोधण्यात अर्थ नाही. भाऊजींची रिस्लिंग चांगलीच असते, फक्त ती हजारात येथे चांगली मिळत नाही. महाराष्ट्रात वाईनसाठी वयाची अट एकवीस वर्षांची आहे आणि परवाना लागतो. मधुमेह असेल तर शेनिनपेक्षा कोरडी सोव्हिन्यों बरी, पण ते डॉक्टरांना विचारून. वाईनने उन्हाळ्याची तहान भागत नाही, उलट शरीरातले पाणी कमी होते, तेव्हा शेजारी पाण्याचा तांब्या असू द्यावा. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस ठीक राहते. एकटे पिणार असाल तर ३७५ मिलीची मिळते का पाहा.

नानांना ही वाईन आवडत नाही. ते अजून थॉमसनच लावतात आणि शेनिनची जुनी दोन कलमे विहिरीच्या कडेला तेवढी राखली आहेत, त्यांचे घड दर फेब्रुवारीत बुलबुल खातात.