कुठला क्षण, तेवढं सांगा

गेल्या अंकात मी विचारलं होतं, कोणत्या मराठी चित्रपटाला किंवा भूमिकेला पुरस्कार, निदान नामांकन तरी मिळायला हवं होतं आणि ते राहून गेलं? पत्रं भरपूर आली. काही चार-चार पानी आहेत आणि बऱ्याच पत्रांत राग आहे. मला हा राग आवडतो. सोलापुरात आमचा चित्रपट मंडळ चालवण्याचा उद्योग वीस-बावीस वर्षं सुरू आहे. दाराशी एक लांबोडी वही ठेवलेली असते. बाहेर पडताना ज्याला वाटेल त्याने त्यात लिहायचं, अट एकच: नुसतं ‘छान काम’ लिहायचं नाही, कुठल्या क्षणी छान वाटलं ते लिहायचं. खालची उत्तरं लिहिताना ती वही शेजारी होती.

ताई, आमच्या अकलूजच्या रिंकू राजगुरूला ‘सैराट’साठी राष्ट्रीय पुरस्कारात फक्त ‘विशेष उल्लेख’ मिळाला. पूर्ण महाराष्ट्र वेडा झाला होता. हा अन्याय नाही का? (एक वाचक, अकलूज)

तारखा बघा. ते पुरस्कार मार्च २०१६ मध्ये जाहीर झाले आणि ‘सैराट’ लागला २९ एप्रिलला. म्हणजे परीक्षकांनी ती मुलगी पाहिली तेव्हा ना गाणी गाजली होती, ना थिएटरात कुणी नाचलं होतं. एका शाळकरी, पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर आलेल्या पोरीचं नाव त्यांनी आपणहून काढलं, याचं मोल मला मोठं वाटतं. त्या वर्षी अभिनेत्रीचा पुरस्कार कंगना राणावतला मिळाला. मी परीक्षक असते तर रिंकूसाठी भांडले असते, पण बुलेट आणि ट्रॅक्टरच्या जोरावर नाही. ते प्रसंग कुणालाही दिसतात. मी हैदराबादच्या झोपडीतली तिची आर्ची पुढे केली असती. वाड्यात वाढलेली पोर पत्र्याखाली येते. आजूबाजूचा वास, संडासची सोय, अंथरूण, सगळं तिला सोसवत नाही आणि ज्याच्यासाठी घर सोडलं त्याला ते सांगताही येत नाही. तिथे रिंकूचे खांदे बदलतात. पहिल्या भागात मागे टाकलेले खांदे तिथे पुढे येतात. आमच्या वहीत करमाळ्याच्या एका मावशींनी लिहिलंय, ‘पोरगी तिथं बसली तशी मी लग्नानंतर पहिल्या रात्री बसले होते.’

‘श्वास’ला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं असं मी कायम सांगत आलो. भाचा म्हणतो, नव्हतं मिळालं. कोण बरोबर? (ठाणे)

भाचा. प्रत्येक देश आपला एकच चित्रपट पाठवतो. आपल्याकडे तो फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया निवडते. त्याला प्रवेशिका म्हणायचं. जगभरच्या प्रवेशिकांतून शेवटी पाच निवडतात, ते नामांकन. भारताला ते तीनदाच मिळालंय: ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’. २००४ मध्ये ‘श्वास’, २००९ मध्ये ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि २०१५ मध्ये ‘कोर्ट’ या मराठी प्रवेशिका होत्या. तुमची चूक समजण्यासारखी आहे, कारण ‘श्वास’ तिकडच्या लोकांना दाखवायला पैसे लागणार होते आणि ते लोकांनी वर्गणी काढून जमवले. आम्हीही डबा फिरवला होता. खिशातले दहा रुपये दिले की चित्रपट आपला होतो, मग प्रवेशिका आणि नामांकन यातला फरक कोण बघतो?

आणि त्याच ओघात माझी एक खंत. राष्ट्रीय पुरस्कारांत ‘श्वास’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, अश्विन चितळेला बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. पण त्या नातवाचा हात धरून चालणारे अरुण नलावडे? उद्या या पोराची दृष्टी जाणार हे ठाऊक असलेला आजोबा त्याला इस्पितळातून शहर दाखवायला घेऊन जातो, तेव्हा आपण पोराकडे बघत असतो आणि आजोबा पोराच्या डोळ्यांकडे. ते बघणं म्हणजेच ती भूमिका आहे.

‘अस्तु’मध्ये अमृता सुभाषला सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार आणि डॉ. मोहन आगाशेंना काहीच नाही! विसरणाऱ्या माणसाचं काम इतकं कुणी केलंय? (कोथरूड, पुणे)

या प्रश्नावर आमच्याकडे दोन रविवार भांडण चाललं होतं.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: चक्रपाणी शास्त्री, संस्कृतचे प्रकांड पंडित, स्मृतिभ्रंश झालेले. मुलगी त्यांना गाडीत बसवून थोडा वेळ जाते, त्यांना हत्ती दिसतो, ते उतरतात आणि हत्तीमागे चालू लागतात. माहुताची बायको चन्नम्मा कानडी बोलते. ती त्यांना लेकरासारखं सांभाळते आणि ते तिच्यात आई शोधतात.

आगाशेंनी केलेली अवघड गोष्ट माझ्या मते ही, की त्यांनी शास्त्रींचा रुबाब जाऊ दिला नाही. आठवण गेली तरी बसण्याची ढब, श्लोक म्हणतानाचा आवाजाचा कस तसाच राहतो. रिकाम्या झालेल्या घराची चौकट तेवढी भक्कम उभी असावी तसं. त्यामुळे ते हत्तीकडे बघून हरखतात तेव्हा दया येत नाही, हेवा वाटतो. त्या वर्षी अभिनेत्याचा पुरस्कार राजकुमार राव आणि मल्याळमचे सुराज वेंजारमूडू यांना विभागून मिळाला. ‘शाहिद’मधल्या राजकुमारचं काम मला मनापासून आवडतं, त्याच्याकडून काढून घ्या असं मी म्हणणार नाही. पण विभागायचंच होतं तर तिसरं नाव तयार होतं.

अमृता सुभाषबद्दल मात्र ‘त्यांना दिला आणि यांना नाही’ अशी तागडी लावू नका. सोलापूर कानडी मुलखाच्या कडेला आहे, आमच्या निम्म्या सभासदांच्या घरात कानडी आहे. अक्कलकोटच्या एक बाई खेळ संपल्यावर म्हणाल्या, ‘ती बोलत होती तेव्हा मी खालची अक्षरं वाचलीच नाहीत.’ समोरचा माणूस आई म्हणतोय हे कळल्यावर चन्नम्मा क्षणभर थांबते आणि मग आई होते. ती थांबली नसती तर आगाशेंचा प्रसंग कोसळला असता. ते दोघांचं मिळून एक काम आहे.

निळूभाऊंना (निळू फुले) एकही राष्ट्रीय पुरस्कार नाही. कारण काय? खलनायक म्हणून? (इस्लामपूर)

ते एक कारण असेल, पण साधं कारण आधी घ्या: सहाय्यक अभिनेत्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार १९८४ च्या चित्रपटांपासून सुरू झाला. त्याआधी अभिनयाचा पुरस्कार प्रौढांत नायकाला आणि नायिकेला, एवढ्या दोनच खुर्च्या. ‘सामना’ १९७५ च्या बर्लिन महोत्सवात गेला तेव्हा निळू फुल्यांचं काम ठेवायला खणच नव्हता. खरं तर त्यांचा हिंदुराव पाटील ही सहाय्यक भूमिका मानायला मी तयार नाही. डॉ. लागूंचा मास्तर मारुती कांबळेचं काय झालं म्हणून विचारत राहतो, पण त्या प्रश्नाचं ओझं आपल्याला कळतं ते फुल्यांच्या चेहऱ्यावर. आधी पाहुण्याची गंमत बघणारे डोळे, मग किंचित बारीक होणारे, मग माणूस एकटा पडल्यावर रिकामे होणारे. आवाज मात्र शेवटपर्यंत चढत नाही. (तो मारुती कांबळे म्हणजे तरुण मोहन आगाशे, हे कोथरूडच्या वाचकांना आवडेल.)

‘कोर्ट’ला सुवर्णकमळ मिळालं, पण आमच्या नागपूरच्या वीरा साथीदारांना अभिनयाचं काही नाही. तुमचं मत? (नागपूर)

साथीदार एप्रिल २०२१ मध्ये करोनाने गेले, त्यामुळे तुमचं पत्र वाचताना गलबलून आलं. लोकशाहीर नारायण कांबळेचा तो थकलेला ताठपणा त्यांनी आयुष्यभर चळवळीत मिळवला होता. तरीही त्या चित्रपटातलं माझं नाव वेगळं आहे: उषा बाने. मॅनहोलमध्ये मेलेल्या कामगाराच्या विधवेचं काम त्यांनी केलंय. साक्षीच्या पिंजऱ्यात त्या सांगतात की नवरा आत उतरण्याआधी खडा टाकायचा. झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे. हे त्या भाजीचा भाव सांगावा तशा सांगतात. हुंदका नाही, थांबणं नाही. पुढे वकील त्यांना पैसे देऊ करतो तेव्हा त्या काम मागतात. दोन छोटे प्रसंग. आमच्या वहीत त्या रात्री एकोणीस जणांनी लिहिलं आणि बारा जणांनी झुरळ लिहिलं. पात्राचं नाव कुणालाच आठवत नव्हतं. अशा कामाला नामांकन मिळावं म्हणून मी पत्रावर पत्र लिहीन.

आम्ही पंधरा जण आहोत, दर महिन्याला एक चित्रपट बघतो. वर्षअखेरीस आमची आमची नामांकनं काढायची आहेत. कशी काढावी? (देवरुख)

खेळ संपल्या संपल्या मत घेऊ नका, दोन दिवस जाऊ द्या. चिठ्ठ्या आधी, चर्चा नंतर, नाहीतर मोठ्याने बोलणारा जिंकतो. चिठ्ठीवर नाव आणि एक क्षण, दोन्ही हवं. क्षण नसेल तर चिठ्ठी बाद. ‘सहाय्यक’ असा वेगळा गट करू नका, पंधरा माणसांत त्याची गरज नाही, उषा बाने आणि नायक एकाच यादीत येऊ देत. आणि यादी निघाली की मला पाठवा. मी ती आमच्या वहीत चिकटवीन, आमच्या लोकांना भांडायला आयतं कारण मिळेल.