आठ घरं मिळून सोसायटी काढताय? मग कूलरचा विचार आधी करा

प्रश्न : नमस्कार भाऊ, आम्ही एकाच ऑफिसातल्या 8 जणी बेसा रोडकडं मिळून प्लॉट पाहून राहिलो. बिल्डरचा टू बीएचके झेपत नाही, म्हणून स्वतःच सोसायटी काढून बांधायचं म्हणतो. मला सोलर हवंय, बाकीच्या म्हणतात आधी स्वस्तात उभं करू, ते मग पाहू. कोण बरोबर?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, 8 जणींत सोसायटी होते. आधी 10 सभासद लागायचे, 2019 च्या दुरुस्तीनंतर 5 पुरतात, फक्त वेगवेगळ्या कुटुंबांतले पाहिजेत. प्लॉट मात्र सोसायटीच्याच नावानं घ्या, आधी कुणाच्या नावावर अन् मग सोसायटीला म्हणजे स्टॅम्प ड्युटी दोनदा. आणि एनए (जमीन बिगरशेती असल्याचा कागद), मंजूर लेआउट, आरएल (प्लॉट मोकळा केल्याचं रिलीज लेटर) हे सगळं वकिलाला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका, कारण आपल्या नागपुरात शेतजमिनीवर लेआउट पाडून प्लॉट विकणाऱ्या कितीतरी संस्थासुद्धा सोसायट्याच होत्या, अन् असे प्लॉट नियमित करायला 2001 चा गुंठेवारी कायदा आला तरी लोक अजून त्यासाठी चकरा मारून राहिले.

आता सोलर. खरं सांगू, ते नंतर लावलं तरी चालतं, पाइप अन् गच्चीवर जागा सोडा बस. लिफ्ट-पंपाच्या कॉमन मीटरसाठी केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीला किलोवॅटमागं 18,000 रुपये सबसिडी आहे. पण भिंत नंतर फिरवता येत नाही ना! पश्चिमेला बेडरूम काढली की मे महिन्यात 45 डिग्रीत रात्रीपर्यंत भिंत तापलेली राहते, तिकडं जिना, बाथरूम टाका. कूलरची खिडकी, स्टँड अन् पाण्याचा नळ नकाशातच काढून घ्या, आमच्याकडं आर्किटेक्ट विसरला अन् आता प्रत्येक गॅलरीतून हिरवे पाइप लोंबतात. पावसाच्या पाण्याचंही तसंच, 200 चौरस मीटर गच्चीवर हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे 2 लाख लिटर, थोडं वाया गेलं तरी बाकीचं जमिनीत जिरवलं की बोअरला जीव येतो.

सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची साठवण) बांधकाम खर्चाच्या वर्षाला पाव टक्का अन् दुरुस्तीचा पाऊण टक्का पहिल्या वर्षापासून काढा, तेव्हा कुरकुर होते पण वॉटरप्रूफिंगच्या वेळी कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. आणि गच्ची कुणाला लिहून देऊ नका, वरच्या मजल्यावाली मागेलच.