आमवाताची सूज दर वेळी त्याच सांध्यात का येते?

तुम्ही लिहिलंय की आई दिंडोरीकडे असतात, त्यांना रुमॅटॉइडचा आमवात आहे, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो. गोळ्यांनी सूज उतरली म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या. गोडी छाटणीनंतर द्राक्षांच्या बागेत मण्यांच्या विरळणीला जायला लागल्या आणि पुन्हा तेच उजवं मनगट, तीच दोन बोटं सुजली. तुमचा प्रश्न असा की दोष रक्तात आहे म्हणतात, मग तो दर वेळी तेच सांधे का धरतो?

फार नेमकं विचारलंत. मी नाशकात पॅथॉलॉजिस्ट आहे. सांध्याच्या आतल्या अस्तराचे तुकडे माझ्याकडे तपासायला येतात. कधी गुडघा बदलताना काढलेले असतात, तर कधी एकच सांधा महिनोन्‌महिने सुजलेला असतो आणि टीबी नाही ना, याची खात्री करायची असते. सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर जे दिसतं, त्यातच तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे.

निरोगी सांध्याचं अस्तर कांद्याच्या पाकळीवरच्या पापुद्र्यासारखं असतं. आतल्या बाजूला पेशींचे जेमतेम एक ते तीन थर. त्यात दोन जातीच्या पेशी. मॅक्रोफेज सांध्यातला कचरा गिळून जागा साफ ठेवतात. फायब्रोब्लास्ट हायल्युरोनिक आम्ल आणि ल्युब्रिसिन तयार करतात, म्हणजे सांध्याचं वंगण. आपण मूठ वळतो तेव्हा काही जाणवत नाही, ते यांच्यामुळे.

आमवातातला तुकडा हातात घेतला की डोळ्यांनाच फरक कळतो. अस्तर जाड, लालसर, झालरी फुटलेलं. कधी सोबतच्या पाण्यात तांदळाएवढे पांढरे कण असतात. (टीबीतही असे कण सापडतात, म्हणून नुसत्या नजरेवर विसंबता येत नाही.) सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर एक ते तीन थरांच्या जागी दहा-दहा थर. खाली लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा या रोगप्रतिकारशक्तीच्या पेशींची दाटी, मध्येमध्ये नव्या रक्तवाहिन्या. हाड आणि कूर्चा (हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण) जिथे भेटतात त्या कडेवरून हे वाढलेलं अस्तर कूर्चेवर चढतं. त्याला पॅनस म्हणतात. तिथले फायब्रोब्लास्ट वंगणाचं काम सोडून कूर्चा विरघळवणारी एन्झाइम सोडायला लागतात. शिवाय हाड कुरतडणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी तयार व्हाव्यात असे संदेशही देतात. एक्स-रेमध्ये हाडाच्या कडेला जे खड्डे दिसतात, ते यांचंच काम.

बरीच वर्षं समज असा होता की या पेशी नुसत्या हुकमाच्या ताबेदार आहेत, बिघडलेली रोगप्रतिकारशक्ती सांगेल तसं वागतात. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने त्याला धक्का दिला. रुग्णांच्या अस्तरातले फायब्रोब्लास्ट वेगळे काढून, माणसाच्या कूर्चेच्या तुकड्यासोबत, रोगप्रतिकारशक्तीच नसलेल्या उंदरांत बसवले. हुकूम द्यायला रुग्णाच्या रक्तातली एकही पेशी तिथे नव्हती. तरी ते कूर्चेत घुसले. २००९ मध्ये याच पद्धतीच्या प्रयोगात तर ते रक्तातून प्रवास करून उंदराच्या दुसऱ्या कुशीत ठेवलेल्या कूर्चेपर्यंत पोचले. मला आजही हे वाचलं की थक्क व्हायला होतं.

म्हणजे सुरुवात रोगप्रतिकारशक्तीच्या बिघाडाने होते, हे खरंच. अँटी-सीसीपी ही अँटिबॉडी सांधे सुजण्याच्या कित्येक वर्षं आधीही रक्तात सापडू शकते. पण एकदा सूज रेंगाळली की अस्तराच्या पेशी स्वतःच बदलतात. त्यांच्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा बदलतात आणि सूज उतरल्यावरही त्यातल्या काही तशाच राहतात. एकदा पेटून गेलेले फायब्रोब्लास्ट पुढच्या वेळी थोड्याशा चिथावणीनेही जास्त भडकतात, हे २०२१ मध्ये एका संशोधनात दाखवलं गेलं. रोगप्रतिकारशक्तीच्या काही टी-पेशीही त्याच सांध्यात ठाण मांडून राहतात. आईंचं मनगट वरून शांत दिसत होतं तेव्हाही आतलं अस्तर पूर्ववत झालेलं असेलच असं नाही. त्यात कात्रीने दिवसभर विरळणी. केवळ कामामुळे आमवात होत नाही. पण ज्या जागी ताण जास्त येतो तिथे सूज जास्त धरते, असं उंदरांवरच्या अभ्यासात दिसलंय.

आता गोळ्यांचं. दुखणं थांबवणारी गोळी वेदना आणि सूज तेवढ्यापुरती कमी करते, पॅनसला अडवत नाही. मेथोट्रेक्सेटसारखी औषधं अस्तराला भडकवणारी साखळी थोपवतात, आणि त्यांचा गुण यायला दीड ते तीन महिने जातात. खास या फायब्रोब्लास्टवर नेम धरणारं औषध मात्र अजून बाजारात आलेलं नाही. २०१९ मध्ये उंदरांत दिसलं की यांच्यातही दोन गट आहेत, एक सूज वाढवणारा आणि दुसरा हाड-कूर्चा खाणारा. नेम नक्की कुणावर धरायचा, ते त्यातून कळायला लागलंय. तोवर भडका उडू न देणं हाच आपल्या हातातला उपाय, म्हणून सूज नसतानाही गोळी चालू ठेवायला सांगतात. कमी करायची असेल तर आजार बराच काळ आटोक्यात राहिल्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू.

एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगते. मेथोट्रेक्सेट दिलं असेल तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. घरातल्या कॅलेंडरवर वार लिहून ठेवा. आणि बंद केलेली गोळी आईंनी आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नये. आधी रक्तपेशी, यकृत आणि किडनीच्या तपासण्या लागतील.

शेजारपाजारचे आंबट बंद करायला सांगतील. द्राक्षं खाल्ल्याने आमवात होत नाही, आईंना खुशाल खाऊ द्या. मनगट गरम आणि सुजलेलं आहे तोवर कात्री मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या, आणि याच आठवड्यात नाशकात रुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे सांधेविकारतज्ज्ञांना, दाखवून घ्या. जाताना हातांचे जुने एक्स-रे न्या. नवे खड्डे पडलेत का, ते शेजारी ठेवून पाहिल्यावरच कळतं.