३० लाख दस्तऐवज, ४० रिव्ह्यूअर: सर्व्हर घेण्याआधी नेमकं काय मोजावं?

तुमचे आकडे आधी एकदा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. खटल्यासाठी तपासायचे ३० लाख दस्तऐवज, मूळ फाइली ३ टीबी, एका वेळी ४० रिव्ह्यूअर (दस्तऐवज वाचून त्यावर शिक्का मारणारे), मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २०२२ या डेटाबेसची स्टँडर्ड आवृत्ती. हातात आलेलं कोटेशन: ६४ कोअरचं एकच मशीन, १२८ जीबी रॅम, फिरत्या १२ डिस्कचा रेड ५ (डिस्क एकत्र जोडून, एक बिघडली तरी डेटा वाचवणारी रचना), एक गिगाबिट नेटवर्क, डेटाबेस, वेब, सर्च, फाइली सगळं त्याच मशीनवर. आणि प्रश्न, ‘एवढं पुरेल का?’

कोअर उरतील, बाकी सगळं कमी पडेल.

कोअरचं आधी उरकतो. २०२२ ची स्टँडर्ड आवृत्ती ४ सॉकेट (प्रोसेसर बसवायच्या जागा) किंवा २४ कोअर, यातलं जे कमी तेवढंच वापरते. आणि थेट भौतिक मशीनवर बसवून कोअरच्या हिशेबाने परवाना घेतलात, तर मशीनमधल्या सगळ्या कोअरचा घ्यावा लागतो. म्हणजे ६४ चे पैसे भरून ४० कोअर एसक्यूएलच्या दृष्टीने रिकामे. (२०२५ च्या आवृत्तीत ही मर्यादा ३२ कोअरपर्यंत गेली आहे, तरी तुमचं गणित तेच राहतं.) कमी पण वेगवान कोअर घ्या; १६ पुरेत. ओसीआर (चित्रातला मजकूर वाचणं), मेलबॉक्स उघडणं, हॅश (फाइलचा डिजिटल ठसा) काढणं ही कामं कोअर खातात हे खरं, पण ती या मशीनवर करायचीच नाहीत. त्यांना वेगळी मशीन द्या, ती साधी असली तरी चालतात.

आता ४० रिव्ह्यूअरचा बाऊ किती करायचा ते बघू. एक माणूस तासाला ५० दस्तऐवज तपासतो असं धरा. ४० जणांचे झाले २०००, म्हणजे दर १.८ सेकंदाला एक दस्तऐवज उघडला आणि त्यावर एक शिक्का पडला. एवढ्याने सर्व्हर ढिम्म हलत नाही. सर्व्हर झोपतो तो वेगळ्याच वेळी: कुणीतरी सहा अटींचा सर्च लावून निकाल तारखेने लावायला सांगतो तेव्हा, दुपारी नवीन खेप लोड होत असते तेव्हा, किंवा टीम लीड दोन लाख दस्तऐवजांवर एकदम ‘विशेषाधिकार’ (वकील-अशिलातलं गोपनीय) असा शिक्का मारतो तेव्हा. एका स्टेटमेंटने एका टेबलावर साधारण ५००० लॉक (बदल चालू असताना ओळींना लागणारी कुलपं) धरले, की एसक्यूएल सर्व्हर पूर्ण टेबलच लॉक करायला बघतो. मग बाकी ३९ जणांचा पडदा गोठतो आणि फोन तुम्हाला येतो. हा त्रास हार्डवेअर वाढवून जात नाही. घाऊक बदल लहान तुकड्यांत करणं आणि खेपा रात्री लोड करणं, एवढाच त्यावर उपाय.

म्हणून टीबी मोजण्याआधी ओळी आणि फाइली मोजा. ३ टीबी हा आकडा डेटाबेसबद्दल जवळपास काहीच सांगत नाही. दर दस्तऐवजाचा मेटाडेटा (तारीख, लेखक अशी माहिती) ४ केबी धरला, तर ३० लाखांचे होतात १२ जीबी. काढलेला मजकूर डेटाबेसमध्येच ठेवणार असाल तर मात्र चित्र बदलतं: एनव्हारचार या मजकुराच्या प्रकारात एका अक्षरचिन्हाला २ बाइट लागतात, त्यामुळे सरासरी १०,००० चिन्हांचा मजकूर २० केबी, आणि ३० लाखांचे ६० जीबी. त्यावर इंडेक्स, आणि कुणी कधी काय बदललं याची ऑडिट नोंद. ऑडिट टेबल फुगत जातं आणि कुणाचं तिकडे लक्ष नसतं. मी २०० जीबी धरून चाललो असतो आणि डेटाच्या डिस्कवर त्याच्या दुप्पट जागा ठेवली असती.

रॅम. २०२२ च्या स्टँडर्डचा बफर पूल (डेटा रॅममध्ये धरून ठेवायची जागा) १२८ जीबीपर्यंतच जातो, पण ऑपरेटिंग सिस्टिमला आणि एसक्यूएलच्या बाकी गरजांना त्याबाहेर जागा लागते. म्हणून मशीनमध्ये १९२ जीबी घाला. आणि ‘मॅक्स सर्व्हर मेमरी’ स्वतः ठरवून द्या. मुळात तिथे २१४७४८३६४७ एमबी असा आकडा असतो, म्हणजे ‘मिळेल तेवढं घे’. वेब आणि सर्च त्याच मशीनवर असतील तर ते आणि एसक्यूएल रॅमसाठी एकमेकांच्या उरावर बसणारच. ते दोन्ही बाहेर काढा. व्हर्च्युअल मशीन असेल तर त्याची मेमरी राखीव करून घ्या.

डिस्कबद्दल मी जरा हट्टी आहे. ७२०० आरपीएमची एक डिस्क सेकंदाला साधारण ८० विखुरलेल्या वाचन-लेखन क्रिया करते. १२ डिस्कच्या झाल्या ९६०. रेड ५ मध्ये एका लहान लेखनामागे चार क्रिया होतात, म्हणजे लेखनाला उरल्या २४०. घाऊक शिक्का मारला की हा ढीग तिथेच संपतो. डेटाबेस एसएसडीवरच ठेवा, आरशाच्या जोडीत (दोन डिस्कवर तोच डेटा) किंवा रेड १० मध्ये, आणि एसएसडी सर्व्हरसाठी बनवलेली घ्या, वीज गेली तरी लिहिणं पूर्ण करणारी. लॉगचं (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदीचं) लेखन एक-दोन मिलिसेकंदांत व्हायला हवं. डेटा, लॉग आणि टेम्पडीबी (एसक्यूएलचा तात्पुरत्या कामाचा डेटाबेस) वेगवेगळ्या व्हॉल्यूमवर. टेम्पडीबीच्या फाइली सारख्या आकाराच्या आणि लॉजिकल कोअरइतक्या ठेवा, पण सुरुवातीला आठच्या वर जाऊ नका.

फिरत्या डिस्क फेकू नका. मूळ फाइली आणि इमेज यांच्यासाठी त्या चांगल्या आहेत, फक्त वेगळ्या फाइल सर्व्हरवर, रेड ६ मध्ये. इथे एक बारीक चूक खूप जण करतात. डेटाबेसच्या व्हॉल्यूमला ६४ केबीचा क्लस्टर (डिस्कवर जागा वाटायचं सर्वांत लहान एकक) योग्य, म्हणून तोच इथेही लावून टाकतात. दर दस्तऐवजाची सरासरी सहा पानं, प्रत्येक पानाची एक टिफ (चित्राची फाइल): १ कोटी ८० लाख फाइली. मूळ आणि मजकुराच्या फाइली धरून २ कोटी ४० लाख. प्रत्येक फाइलमागे सरासरी अर्धा क्लस्टर वाया जातो, म्हणजे ६४ केबीला जवळजवळ ७७० जीबी हवेत गेले. ४ केबीला तेच ५० जीबीच्या आत. त्याच व्हॉल्यूमवर ८.३ पद्धतीची (जुन्या डॉसची) लहान नावं तयार करणं आधीच बंद करा आणि एका फोल्डरमध्ये काही हजारांपेक्षा जास्त फाइली ठेवू नका.

नेटवर्ककडे या फाइलींच्या संख्येतूनच बघा. एक गिगाबिटवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबी मिळतात. ३ टीबीला साडेसात तास. हे झालं मोजक्या मोठ्या फाइलींचं. लहान फाइल उघडा, वाचा, बंद करा, यात ५ मिलिसेकंद गेले तर २ कोटी ४० लाख फाइलींना एकामागून एक ३३ तास, नुसते उघडझापीत. १० गिगाबिटचा स्विच हे ३३ तास कमी करत नाही, समांतर कॉपी करते. विंडोजच्या रोबोकॉपी या कॉपी करायच्या साधनाला एमटीचा पर्याय देऊन ३२ धागे (एकाच वेळी चालणाऱ्या कॉपी) लावून बघा. तरीही सर्व्हरांमधलं नेटवर्क १० गिगाबिटचं घ्याच, कारण बॅकअप, लोडिंग आणि रिव्ह्यू एकाच तारेवर येतात.

वेब सर्व्हर आणि डेटाबेस शेजारी हवेत. एक पडदा उघडायला १५० क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) लागत असतील, तर अर्ध्या मिलिसेकंदाच्या अंतरावर ७५ मिलिसेकंद जातात, २० मिलिसेकंदांच्या अंतरावर तीन सेकंद. रिव्ह्यूअर मात्र कुठेही बसू देत. दर मिनिटाला एक दस्तऐवज आणि तो १ एमबीचा धरला तरी ४० जणांना मिळून सेकंदाला साडेपाच मेगाबिटही लागत नाहीत.

आणि केबल तपासा. हसू नका. एका स्थलांतरात मी दोन दिवस एसक्यूएलचे वेट (क्वेरी कशासाठी थांबतात त्याच्या नोंदी) बघत बसलो होतो, कॉपी सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईना. फाइल सर्व्हरच्या केबलमधली एक जोडी तुटलेली होती. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. नेटवर्क कार्डाने गुपचूप १०० मेगाबिटवर तडजोड केली होती आणि दिवा हिरवाच होता. तेव्हापासून मशीन ताब्यात आलं की आधी लिंकचा वेग बघतो, मग आयपर्फ (नेटवर्कची चाचणी) आणि डिस्कएसपीडी (डिस्कची चाचणी) चालवतो, ८ केबीच्या विखुरलेल्या वाचन-लेखनावर, आणि ते आकडे जपून ठेवतो. विंडोजचा पॉवर प्लॅन ‘बॅलन्स्ड’ असेल तर तोही तेव्हाच बदलतो.

बॅकअप: आठवड्याला पूर्ण, रोज रात्री डिफरन्शियल (शेवटच्या पूर्ण बॅकअपनंतर बदललेलं तेवढंच), दर १५ मिनिटांनी लॉगचा. रिकव्हरी मॉडेल ‘फुल’ ठेवून लॉगचा बॅकअप न घेणं म्हणजे डिस्क भरायची वाट बघणं. सर्च इंडेक्स पुन्हा बांधता येतो, पण ३० लाखांचा बांधायला किती तास लागतात ते एकदा घड्याळ लावून बघा, मग त्याचा बॅकअप घ्यायचा की नाही ते ठरवा.

तुमच्या ३ टीबीत पीएसटी (आउटलुकच्या मेलबॉक्स फाइली) किती आहेत ते लिहिलेलं नाही. ३० लाख हा आकडा त्या उघडण्याआधीचा असेल तर वरचे फाइलींचे सगळे हिशेब वाढतील. तेवढं कळवलंत तर फाइल सर्व्हरचा आकार पुन्हा काढून देतो.