ड्रॅग सौंदर्यस्पर्धेतून निधी: मुकुट आणि पैसा वेगळे ठेवा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात ३०० खुर्च्यांचं सभागृह, ८ स्पर्धक. ड्रॅग क्वीन (स्टेजवर बाईचं सोंग रंगवणारे कलाकार), ड्रॅग किंग (पुरुषाचं सोंग रंगवणारे), ट्रान्स, बाई, पुरुष, सगळ्यांना स्पर्धा खुली आणि जमलेला पैसा ट्रान्स व्यक्तींच्या निवाऱ्याला. शिवाय 'प्रेक्षकांनी पैसे भरून मतं द्यायची, ज्याची रक्कम मोठी त्याला मुकुट' असाही बेत आहे. बाकीचं जमेल, पण हा बेत आधी मोडा.

पैशाच्या मतांवर ज्याचे मित्र बड्या पगाराचे तो जिंकतो. जिच्या घरी ड्रॅगचा पत्ताच नाही, ती ओळखीपाळखीत मतं मागू शकत नाही आणि तिथेच मागे पडते. मतांतून पैसा उभा करायचाच असेल तर 'लोकप्रिय' असा वेगळा किताब ठेवा आणि तो मुकुटाच्या आधी देऊन टाका.

स्टेजवरच्या टिप्सचंही असंच. लावणीतल्या दौलतजाद्यासारखा हा प्रकार रंगतो खरा, पण आता नोटांपेक्षा क्यूआर कोड पुढे येतो. स्पर्धकाचा स्वतःचा कोड स्कॅन केला की पैसे भरणाऱ्याच्या फोनवर खातेदाराचं नाव झळकतं, म्हणजे कागदोपत्री असलेलं नाव. स्टेजनावाआड जपलेली ओळख अशी सभागृहभर उघडी पडते. म्हणून कोड एकच ठेवा, लाभार्थी संस्थेचा. भरताना शेऱ्यात स्पर्धक क्रमांक लिहायला सांगा, हिशेब त्यावरून लागतो.

संस्थेचाच कोड वापरायला दुसरंही कारण आहे. नोंदणीकृत न्यास नसलेल्या गटाने धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांची कलम ४१ क खालची परवानगी लागते, गणेश मंडळं घेतात तीच. पैसा थेट न्यासाच्या खात्यात गेला तर तुमच्या डोक्याला तो ताप नाही. तिकीट आणि देणगी मात्र एका पावतीत घालू नका. तिकिटाच्या बदल्यात कार्यक्रम मिळतो, त्यामुळे ती देणगी ठरत नाही. ८०जीची आयकर सवलत देणगीपुरतीच, तीही जुन्या करप्रणालीत, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला नाही. देणगीदाराचा पॅन तिथल्या तिथे टिपून घ्या, नंतर कोणी फोन उचलत नाही. तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत ठेवलं तर अशा कार्यक्रमाच्या प्रवेशावर जीएसटी माफ आहे. ४९९ ला २०० तिकिटं गेली तर ९९,८०० रुपये होतात. सभागृह, ध्वनी-प्रकाश आणि मानधन प्रायोजकांकडून आधीच सुटलं असेल तरच 'तिकिटाचा सगळा पैसा निवाऱ्याला' असं छापा.

मानधन स्पर्धकांनाही द्या. साउंडवाल्याला पैसे, मांडववाल्याला पैसे आणि विग-गाऊन-मेकअपवर हजारो घालणाऱ्या कलाकाराला नुसती 'प्रसिद्धी', हा कुठला न्याय? निदान प्रवास आणि मेकअपचा खर्च तरी द्या. 'हे आपल्या संस्कृतीत बसत नाही' म्हणणाऱ्या प्रायोजकाला १९२१ च्या संयुक्त (दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेल्या) 'मानापमान'ची आठवण द्या: भामिनीच्या वेशात बालगंधर्व, समोर केशवराव भोसले, आणि उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला.

सोडतीच्या कूपनांचा मोह टाळा. अमेरिकेतल्या कार्यक्रमांत ती सर्रास असतात, आपल्याकडे ते लॉटरीच्या कायद्यात अडकतं. वस्तूंचा बंद पाकिटातला लिलाव करा. गाण्यांसाठी पीपीएल आणि आयपीआरएस या हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचे परवाने, पोलिसांच्या परवानग्या, हे सभागृहाच्या व्यवस्थापकाला विचारून महिनाभर आधी उरका.

आता परीक्षण. न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये १९६७ सालच्या ड्रॅग सौंदर्यस्पर्धेत क्रिस्टल लाबेजा ही कृष्णवर्णीय स्पर्धक मंचावरून निघून गेली आणि निकाल पक्षपाती असल्याचं तिने ठणकावून सांगितलं. असा आरोप तुमच्यावर आला तर उत्तर गुणपत्रिकेने द्यायचं असतं. परीक्षक ५ घ्या, पण गुणांची नुसती बेरीज करू नका. एक परीक्षक सगळ्यांना ८ ते ९ मध्ये बसवतो, दुसरा ३ ते १० पर्यंत हात फिरवतो. बेरजेत दुसऱ्याचंच मत निकाल ठरवतं. त्यापेक्षा प्रत्येक परीक्षकाच्या एकूण गुणांवरून १ ते ८ क्रम लावा आणि क्रमांकांची बेरीज करा. सर्वांत कमी बेरजेला मुकुट. बरोबरी झाली तर पहिले क्रमांक जास्त ज्याचे तो पुढे, तरीही सुटलं नाही तर प्रश्नोत्तरांचे गुण पाहा. बेरीज दोघांनी स्वतंत्रपणे करायची, कागद पेनाने भरून सहीचे, खाडाखोड झाली तर शेजारी पुन्हा सही.

निकषांत 'बाईसारखी हुबेहूब दिसते का' हे चुकूनही नको. ड्रॅग किंग आणि दाढी ठेवून येणारी क्वीन तिथेच बाद होतात, आणि ट्रान्स बाईचं बाईपण तपासायला परीक्षक बसलेत असं चित्र उभं राहतं. पात्राची कल्पना, पेहराव, सादरीकरण आणि उत्तर, एवढे चार निकष पुरतात.

फेऱ्यांचा क्रम सगळीकडे तोच ठेवा. प्रत्येकाला ३ मिनिटं धरली तर दोन प्रवेशांमध्ये प्रत्येकाला २१ मिनिटं मिळतात, आणि कॉर्सेट (कमर आवळणारी चोळी) सोडून दुसरा पेहराव चढवायला तेवढी लागतातच. 'गंमत म्हणून' दुसरी फेरी उलट्या क्रमाने घेतली की आठव्या स्पर्धकाला कपडे बदलायला निवेदकाच्या दोन विनोदांएवढाच वेळ उरतो.

साडेसहाचा कार्यक्रम असेल तर १ वाजता उंच टाचांत तालीम, २ ला सगळे आरशासमोर. चेहऱ्याला तीन तास, पॅडिंग आणि विगला अर्धा तास. भुवया झाकणं हे घाईचं काम नाही. आधी स्पिरिटने तेल पुसायचं, ग्लू स्टिकचा पातळ थर, केस कंगव्याने वर चपटे, थर सुकू द्यायचा, पावडर दाबायची. असे तीन-चार थर, मग नारिंगी करेक्टर, मग फाउंडेशन. ओल्या थरावर दुसरा थर चढवला की दिव्यांच्या उष्णतेने फुगे येतात आणि दुसऱ्या फेरीत भुवई उठून बसते. पावसाळ्यात थर सुकायला बराच जास्त वेळ लागतो, म्हणून रंगपटात दोन टेबलफॅन जास्तीचे मागवा. स्टेजवरच्या लेव्हल्सच्या (चौथऱ्यांच्या) सांध्यांवर टेप मारा, टाच तिथेच अडकते.

दारावर ओळखपत्र एकाच स्वयंसेवकाने पाहायचं, यादीत आणि माइकवर फक्त स्टेजनाव. अंगझडती कोणी घ्यायची ते ज्याची झडती तोच सांगेल. फोटो नको असलेल्यांना, प्रेक्षकांतल्यांनाही, लाल पट्टी द्या आणि छायाचित्रकाराला ती आधी दाखवून ठेवा. व्हीलचेअर प्रेक्षागृहात जाते पण स्टेजवर जात नाही, अशी बरीच नाट्यगृहं आहेत. बुकिंगआधी विंगेतल्या पायऱ्या मोजा.

आणि थेट प्रक्षेपण करणार असाल तर देणगीचा कोड दाखवण्याआधी एफसीआरएचं, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याचं, पाहा. न्यू जर्सीतल्या मावशीकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर तिने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी चालते. ती अमेरिकन नागरिक झाली असेल तर, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असलं तरी, तोच पैसा विदेशी देणगी ठरतो आणि एफसीआरए नोंदणी नसलेल्या संस्थेला तो घेता येत नाही. पडद्यावर कोडच्या शेजारी 'फक्त भारतीय नागरिकांसाठी' ही ओळ मोठ्या अक्षरांत टाका.